कॅप्टनचे वर्ष (गोल्फ क्लब)

गोल्फ क्लबाचे सभासद दरवर्षी आपल्यातल्याच एकाला किंवा एकीला कॅप्टन करतात. त्या कॅप्टनच्या कारकिर्दीतल्या बारा महिन्यांच्या स्पर्धा, शेजारच्या क्लबांशी होणारे मैत्रीचे सामने, जेवणावळी, बक्षीस समारंभ आणि देणगी गोळा करण्याचे उपक्रम या साऱ्याला मिळून ‘कॅप्टनचे वर्ष’ म्हणतात. प्रथा मूळची स्कॉटलंडची. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ती सर्वाधिक रुजली आणि इंग्रजांबरोबर भारतातही आली.

क्रिकेटचा कर्णधार डोळ्यांपुढे आणला, तर इथे गफलत होते. गोल्फ क्लबाचा कॅप्टन कधी कधी संघ निवडतो, पण ते त्याच्या कामाचे लहानसे अंग. तो क्लबातला सर्वोत्तम खेळाडू असावा, अशी अपेक्षाही नसते. वीस-बावीस हँडिकॅपचा (म्हणजे तेवढ्या फटक्यांची सवलत मिळणारा) साधा खेळाडू उत्तम कॅप्टन ठरू शकतो. गावजत्रेतला मानकरी आणि लग्नघरातला यजमान यांना एकत्र केले, तर कल्पना बरीचशी जुळते. मान पहिला, पण पंगत उठेपर्यंत स्वतः पानावर बसायचे नाही.

जिंकून मिळणारे पद

सुरुवातीला कॅप्टन निवडत नसत. तो जिंकून होत असे. १७४४ साली एडिंबराच्या नगरपालिकेने शहराजवळच्या लीथ बंदराच्या माळावर खेळणाऱ्या गोल्फपटूंना बक्षीस म्हणून चांदीची गोल्फस्टिक दिली. २ एप्रिल १७४४ रोजी पाच होलांच्या (चेंडू घालायच्या खळग्यांच्या) त्या मैदानावर स्पर्धा झाली आणि जॉन रॅट्रे नावाचा शल्यचिकित्सक जिंकला. जिंकणाऱ्याला ‘कॅप्टन ऑफ द गोल्फ’ म्हणायचे ठरले होते. त्याने आपल्या विजयाच्या वर्षाची खूण म्हणून त्या स्टिकला सोन्याचा किंवा चांदीचा तुकडा जोडायचा होता. खेळाचे पहिले ज्ञात लेखी नियमही याच स्पर्धेसाठी तयार झाले. ते तेरा होते.

कॅप्टनवर तेव्हा दोन जबाबदाऱ्या होत्या. खेळातले वाद उद्भवले की दोन-तीन सभासदांना हाताशी घेऊन निवाडा करायचा, ही पहिली. दुसरी अधिक लक्षात घेण्यासारखी आहे: लीथचा माळ सांभाळायचा. कुणी त्यातून रस्ता काढला किंवा अतिक्रमण केले, तर नगरपालिकेकडे तक्रार नेण्याचा अधिकार कॅप्टनचा होता. माळ सार्वजनिक होता. म्हणजे पहिला कॅप्टन मुळात न्यायाधीश आणि राखणदार होता. जेवणाच्या टेबलावरचे अग्रस्थान त्या पदाला पुढे चिकटले.

रॅट्रे १७४५ मध्ये पुन्हा जिंकला. पण त्याच वर्षी स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने बंड उभे राहिले आणि हा डॉक्टर बंडखोरांच्या सैन्याबरोबर जखमींवर उपचार करत गेला. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत बंडाचा पाडाव झाला आणि रॅट्रे पकडला गेला. स्कॉटलंडचा वरिष्ठ न्यायाधीश डंकन फोर्ब्स हा सरकारपक्षाचा, पण लीथच्या माळावर त्याच्याबरोबर खेळलेला. त्याने रदबदली केली आणि रॅट्रेचा जीव वाचला. १७५१ मध्ये रॅट्रेने तिसऱ्यांदा चांदीची स्टिक जिंकली. एरवी एकमेकांच्या विरुद्ध उभी असलेली माणसे ज्या ठिकाणी एकत्र चालतात, ते ठिकाण टिकवणे हे कॅप्टनपदाचे काम आहे, असे मानायला रॅट्रेची हकिगत पुरेशी आहे.

सेंट अँड्र्यूजचा एक फटका

१७५४ मध्ये सेंट अँड्र्यूजला बावीस जणांनी मिळून अशीच चांदीची स्टिक ठेवली आणि तिथल्या गोल्फ मंडळाची सुरुवात झाली. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम आश्रयदाता झाल्यावर त्याचे नाव ‘रॉयल अँड एन्शन्ट’ पडले. इथेही आधी विजेता तोच कॅप्टन होता. एकोणिसाव्या शतकात पद्धत बदलली: कॅप्टन आधी ठरू लागला आणि स्पर्धा नावापुरती उरली.

ही नावापुरती स्पर्धा आजही दर सप्टेंबरला होते आणि ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. माजी कॅप्टनांनी मिळून नवा कॅप्टन निवडलेला असतो. सकाळी आठच्या सुमारास तो तिथल्या ओल्ड कोर्स मैदानाच्या पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर येतो. क्लबाचा मानद व्यावसायिक खेळाडू वाकून त्याचा चेंडू टीवर ठेवतो. समोर फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, कॅडी (खेळाडूंच्या स्टिक वाहणारे मदतनीस) पांगलेले असतात. कुणी जवळ उभा, कुणी लांब, ज्याने त्याने नव्या कॅप्टनचा अंदाज घेऊन जागा धरलेली. फटका बसतो त्या क्षणी जवळची छोटी तोफ उडते आणि कॅडी चेंडूमागे धावतात. जो चेंडू आणून देतो, त्याला कॅप्टन सोन्याचे नाणे देतो. या एका फटक्याने कॅप्टनने स्पर्धा ‘जिंकली’ असे धरले जाते, कारण स्पर्धक तो एकटाच असतो. मग तो आपल्या नावाचा चांदीचा चेंडू स्टिकला जोडतो. क्लबाच्या मेजवानीत नवे सभासद त्या स्टिकवरच्या चेंडूंचे चुंबन घेतात.

१९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स (नंतरचा राजा आठवा एडवर्ड) कॅप्टन झाला, तेव्हा राजपुत्राच्या फटक्याचा भरवसा नसल्याने कॅडी टीच्या फारच जवळ उभे राहिले होते, ही आठवण अजून सांगितली जाते. १९३० मध्ये त्याचा भाऊ, म्हणजे नंतरचा सहावा जॉर्ज, याच टीवर उभा राहिला. हजारो डोळे आपल्या एका फटक्यावर लागलेले असताना हात स्थिर ठेवणे किती अवघड, हे ज्याने चार माणसांसमोर पहिला टीशॉट मारला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

साध्या क्लबातले वर्ष

‘ड्राइव्ह-इन’ म्हणजे पदग्रहणाचा फटका सेंट अँड्र्यूजहून गावोगावच्या क्लबांत पोचला. तिथे तोफ क्वचितच असते. त्याऐवजी अंदाजाची पैज असते. कॅप्टनचा चेंडू किती यार्डांवर थांबेल, हे प्रत्येकाने एखादा पौंड देऊन सांगायचे. फेअरवेच्या कडेने नावांच्या चिठ्ठ्या बांधलेल्या खुंट्या रोवल्या जातात. चेंडू थांबला की सगळ्यात जवळची खुंटी कुणाची ते बघायला घोळका धावतो. जमलेले पैसे कॅप्टनने त्या वर्षासाठी निवडलेल्या सेवाभावी संस्थेला जातात. ही संस्था निवडणे हा कॅप्टनचा पहिला महत्त्वाचा निर्णय. बऱ्याचदा त्यामागे घरातले आजारपण किंवा गावातला रुग्णाश्रम असतो आणि सभासदांना ते ठाऊक असते.

वर्षाची सुरुवात कुठे जानेवारीत, कुठे एप्रिलमध्ये होते. वसंत ऋतूतली सभा, दर महिन्याची मेडल स्पर्धा, उन्हाळ्यात छत्तीस होलांची क्लब अजिंक्यपद स्पर्धा, शरदातली सभा, हिवाळी लीग असा क्रम साधारण सगळीकडे दिसतो. मेडलमध्ये प्रत्येक फटका मोजला जातो. एका होलवर नऊ फटके गेले तर ते नऊच. त्यामुळे नवशिके तिला बिचकतात. त्यांना सामावून घेणारी पद्धत फ्रँक स्टेबलफर्ड या डॉक्टरने काढली आणि १६ मे १९३२ रोजी वॉलसी क्लबात ती स्पर्धेत उतरली. हँडिकॅप धरून पारला (होलसाठी ठरलेल्या फटक्यांना) दोन गुण, एक फटका कमी लागला तर तीन, एक जास्त लागला तर एक, त्यापुढे शून्य. हँडिकॅपनुसार खेळणाऱ्याचे अठरा होलांत छत्तीस गुण होतात. एका होलवर घोटाळा झाला तरी दिवस वाया जात नाही. कॅप्टनच्या वर्षातल्या बहुतेक मेळाव्यांची स्पर्धा म्हणूनच स्टेबलफर्डची असते. याशिवाय ‘टेक्सास स्क्रॅम्बल’ असते: चौघांनी फटका मारायचा, सगळ्यात चांगला निवडायचा आणि तिथून पुन्हा चौघांनी मारायचे. त्यात आजोबा आणि बारा वर्षांची नात एका संघात खेळतात आणि दोघांचेही फटके उपयोगी पडतात.

मैत्रीचे सामने हा सगळ्यात वेळखाऊ भाग. शेजारच्या क्लबांशी घरी एक, त्यांच्याकडे एक असे वर्षभर चालू असतात. फळ्यावर नावे लावायची, ऐनवेळी कुणी गळाले की दूरध्वनी करून माणूस उभा करायचा, पाहुण्या कॅप्टनबरोबर स्वतः खेळायचे, जेवणानंतर उठून चार शब्द बोलायचे आणि स्वयंपाकघरातल्या माणसांची नावे विसरायची नाहीत.

कॅप्टन्स डे

साऱ्या वर्षाचा कळस म्हणजे उन्हाळ्यातला ‘कॅप्टन्स डे’. आयर्लंडमध्ये कॅप्टनच्या बक्षिसाचा मान इतका मोठा की, अनेकांना क्लबाच्या अजिंक्यपदापेक्षा ते हवेहवेसे वाटते. बक्षीस कॅप्टन स्वतः देतो आणि जिंकणाऱ्याच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले जाते.

मोठ्या क्लबांत या दिवशी ‘शॉटगन स्टार्ट’ ठेवतात, म्हणजे सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून सुरू करतात. प्रत्येक होलवर चौघांचे दोन गट धरले, तर १४४ जण एकदम खेळतात आणि साधारण एकाच वेळी परततात. बक्षीस समारंभाला दालन भरलेले राहते, ते यामुळेच. इतर ठिकाणी पहाटेपासून दुपारपर्यंत टीवर रीघ असते आणि कॅप्टन दिवसभर उभा असतो.

त्याची जागा पुष्कळदा एका आखूड पार-थ्री होलवर असते. छत्री, घडीची खुर्ची, थंड पाण्यात बुडवलेल्या बाटल्या, शेजारी पैशांचा डबा. येणाऱ्या प्रत्येक गटाला आव्हान: पैसे लावा आणि चेंडू ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) ठेवून दाखवा. ग्रीन चुकले की पैसे डब्यात. साधले तरी बरेच जण जिंकलेले डब्यातच टाकतात. एरवी कधी बोलणे न झालेला सभासद या होलवर कॅप्टनशी पाच मिनिटे बोलतो. संध्याकाळपर्यंत कॅप्टनने क्लबातल्या जवळजवळ प्रत्येकाला नावाने हाक मारलेली असते. या एका दिवशी, या एका खुर्चीत, कॅप्टनपदाचे खरे रूप दिसते, असे माझे मत आहे. चषक आणि भाषणे त्यानंतर येतात.

पदाची एक बाजू कार्यक्रमपत्रिकेत नसते. सभासद वारला की क्लबाचा झेंडा अर्ध्यावर येतो आणि अंत्यविधीला क्लबातर्फे कॅप्टन जातो. वयस्क सभासदांच्या क्लबात हे वर्षातून अनेकदा घडते. विधवेच्या घरी जाऊन लॉकरची किल्ली आणि जुन्या स्टिक यांचे काय करायचे, हे हळुवारपणे विचारायचे कामही त्याच्याच वाट्याला येते.

स्त्रिया आणि पैसा

पद बराच काळ पुरुषांच्या मुठीत राहिले. स्त्रियांचा विभाग वेगळा, त्यांची ‘लेडी कॅप्टन’ वेगळी, त्यांचे स्पर्धांचे दिवसही वेगळे. रॉयल अँड एन्शन्ट क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव सप्टेंबर २०१४ मध्ये केला. लीथच्या मूळ मंडळाने, म्हणजे आजच्या म्यूरफील्डच्या क्लबाने, २०१७ मध्ये. आता अनेक क्लबांत सबंध क्लबाची कॅप्टन स्त्री असते. हा बदल फार उशिरा आला.

खर्चाची अडचण मात्र अजून तशीच आहे. बक्षिसे, पाहुणचार, प्रवास यांचा बराच भार कॅप्टनच्या खिशावर पडतो, आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस जातात ते वेगळेच. त्यामुळे पद निवृत्त आणि सुखवस्तू सभासदांकडे झुकते. नोकरी करणारा तरुण कॅप्टन हवा असेल, तर क्लबाने खर्च उचलला पाहिजे. २०२० मध्ये कोरोनामुळे मैदाने बंद पडली आणि अनेक क्लबांनी त्या वर्षीच्या कॅप्टनला आणखी एक वर्ष दिले. ते योग्यच झाले.

भारतात

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, १८२९ चा. मुंबईत १८४२ मध्ये रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब निघाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. भारतातल्या जुन्या क्लबांत कॅप्टनांच्या नावांचा लाकडी फलक दिसतो: वर ब्रिटिश नावे, खाली उतरत भारतीय. वर्षाचा आराखडा मात्र इथल्या ऋतूंनी बदलला. मुंबईत जून ते सप्टेंबर फेअरवे चिखलाने भरतात, चेंडू उचलून, पुसून ठेवण्याची मुभा द्यावी लागते आणि मोठ्या स्पर्धा पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतात.

भारतात भर पडली ती कॅडींच्या स्पर्धेची. अनेक क्लब वर्षातून एकदा मैदान त्यांना खेळायला देतात. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर दिल्लीत कॅडी होता. कोलकात्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकली. हे पाहता कॅडींची स्पर्धा कॅप्टनच्या वर्षात कडेला ढकलली जाऊ नये. तिचे बक्षीसही कॅप्टनने स्वतःच्या हाताने द्यावे.

वर्ष सरताना

वार्षिक सर्वसाधारण सभेत कॅप्टन जमलेल्या देणगीचा आकडा सांगतो, मैदान राखणाऱ्यांचे आभार मानतो आणि उपकॅप्टनकडे सूत्रे देतो. रंगारी फलकावर त्याचे नाव सोनेरी अक्षरांत लिहितो. वाहनतळावरची कॅप्टनची राखीव जागा दुसऱ्या दिवशीपासून नव्या माणसाची होते. जुना कॅप्टन माजी कॅप्टनांच्या मंडळात जातो, त्यांच्या वार्षिक स्पर्धेत खेळतो, आणि नव्या कॅप्टनच्या पहिल्या फटक्याला इतरांसारखाच पौंड देऊन आपली खुंटी फेअरवेवर रोवतो.