कामात मदत करणारा एआय आणि काम शिकवणारा एआय: कारखान्यात गल्लत होते ती इथे

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत ‘एआय ट्रेनिंग’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यात दोन निराळ्या गोष्टी असतात. दोन्ही टॅबलेटवर चालतात, दोन्हींना मराठीत प्रश्न विचारता येतो, दोन्ही एसओपी (कामाची लेखी ठरलेली पद्धत) आणि मशीनच्या मॅन्युअलवर उभ्या असतात. पण एक अडलेलं सांगून मोकळी होते आणि दुसरी ऑपरेटरकडूनच उत्तर काढून घेते. पहिलीला सहायक म्हणू, दुसरीला शिक्षक. प्रश्न लवकर मिटला की सहायकाचं काम झालं. शिक्षकाचं काम टॅबलेट बाजूला ठेवल्यावर कळतं. अडचण अशी की विकत घेतला जातो सहायक आणि एचआरच्या फायलीत नोंद होते प्रशिक्षणाची.

समजा, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर २५ एच७ चा बोअर, म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचं नेमक्या मापाचं भोक, चालू आहे. हद्द २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. बोअर गेज २४.९९२ दाखवतोय, गो गेज (भोक पुरेसं मोठं असेल तरच आत जाणारा) आत जात नाही. सहायकाला विचारलं तर तो सांगेल: बोअर लहान आहे, २५.०१० वर आणायचा, बोअरिंग बारच्या (भोक मोठं करणाऱ्या टूलच्या) वेअर ऑफसेटमध्ये (झिजेसाठीच्या दुरुस्तीच्या आकड्यात) एक्सला अधिक ०.०१८ द्या आणि पुढचा जॉब मोजा. खाली कंट्रोल प्लॅनचा (काय, कसं तपासायचं त्या कागदाचा) पान क्रमांक. एक्स व्यासात मोजणाऱ्या मशीनवर हे उत्तर बरोबर आहे आणि दोन मिनिटांत लाइन सुरू होते.

शिक्षक हा आकडा देणार नाही. तो विचारेल, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला की बाहेरचा व्यास वाढतो, मग बोअर का कमी होतो? ऑफसेट अधिक की उणे? आणि ऑपरेटरला हे जमलं की पुढचा पेच टाकेल: जॉब आत्ताच चकमधून काढलाय, हाताला गरम लागतोय, गेज २५.००३ दाखवतोय. पास करशील? स्टील तापमानाच्या दर अंशाला, दर मीटर लांबीमागे साधारण ११.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. जॉब मास्टर रिंगपेक्षा (जिच्यावर गेज झिरो करतात तिच्यापेक्षा) २० अंशांनी गरम असेल तर २५ मिलिमीटरवर जवळपास ६ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे थंड झाल्यावर तोच बोअर २४.९९७ भरणार आणि क्वालिटीच्या टेबलावरून परत येणार. हा प्रश्न सहायकाला कुणी विचारणारच नाही, कारण गेज ‘ओके’ दाखवतोय. ज्याला शंकाच आली नाही, त्याला सहायकाचा काडीचा उपयोग नाही.

तुर्कस्तानात २०२३ मध्ये हायस्कूलच्या जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला, त्यात हा फरक आकड्यांत दिसला. सराव करताना साध्या चॅटबॉटने विद्यार्थ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, शिक्षकासारख्या बांधलेल्या चॅटबॉटने १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं तो कधीच न मिळालेल्यांच्या १७ टक्के मागे पडली. दुसऱ्या गटाचं असं नुकसान झालं नाही, पण परीक्षेत त्यांना ठळक फायदाही दिसला नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी मॉडेल एकच होतं. फरक एवढाच की दुसऱ्याला शिक्षकांनी प्रत्येक गणिताचं बरोबर उत्तर आणि मुलं नेहमी करतात त्या चुका आधी पुरवल्या होत्या, आणि थेट उत्तर द्यायचं नाही असं बजावलं होतं.

याचा अर्थ सहायकामुळे कुणी काहीच शिकत नाही, असा घेऊ नये. ग्राहकसेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २०२३ मध्ये पुढे आला. त्यात एआयच्या सूचना मिळणाऱ्यांनी तासाला सोडवलेल्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या ३४ टक्क्यांनी. यंत्रणा मध्येच बंद पडली तेव्हाही या लोकांचं काम पूर्वीपेक्षा बरं राहिलं. आमच्या मते यामागचं कारण म्हणजे वारंवारता: त्याच त्या तऱ्हेची तक्रार दिवसभर येते, सूचना वाचून आपल्या शब्दांत ग्राहकाला सांगावी लागते. कारखान्यात स्पिंडलचा (मशीनच्या फिरत्या दांड्याचा) अलार्म मात्र दोन महिन्यांतून एकदा येतो. तो सहायकाने दहा वेळा सोडवून दिला तरी हाताला लागत नाही.

बांधणीतही दोन्हींची दुखणी वेगळी. सहायक बिघडतो तो कागदांमुळे. नाशिकच्या जुन्या युनिटांत मराठी एसओपी श्रीलिपी किंवा तसल्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या सापडतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आतला मजकूर रोमन अक्षरांचा चिवडा असतो आणि एआयला तोच वाचायला मिळतो. आधी तो युनिकोडमध्ये आणायचा, मग कुणीतरी ओळ न् ओळ तपासायची. रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. टॉर्कचा (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा) तक्ता मध्येच कापला गेला तर एम८ बोल्टला एम१० चा टॉर्क चिकटतो, म्हणून तक्ता एका तुकड्यातच ठेवायचा. एकाच ड्रॉइंगची तीन रिव्हिजन (सुधारित आवृत्त्या) फोल्डरमध्ये असतील तर सहायक त्यातलं कुठलंही उचलेल. चालू सोडून बाकीची बाहेर काढा. सुरुवात एका लाइनवर, पंधरा-वीस कागदांवर करावी. शिफ्टच्या नोंदवहीतून खरे शंभर प्रश्न काढून त्यांची उत्तरं सेटरकडून (मशीन लावून देणाऱ्या कारागिराकडून) तपासून घ्यावीत. कागदात नसलेले दहा प्रश्नही मुद्दाम घालावेत. ‘कागदात सापडत नाही’ असं सांगता न येणारा सहायक लाइनवर ठेवू नये.

बोलून प्रश्न विचारायची सोय डेमोत झकास चालते. प्रेस शॉपच्या आवाजात, सटाणा-कळवणकडच्या पोराच्या अहिराणी वळणाच्या मराठीत ती अडखळते. तिथे मोठी बटणं आणि मशीनवर चिकटवलेला क्यूआर कोड बरा.

शिक्षक बिघडतो तो चुकांच्या यादीमुळे. म्हणजे यादीच नसल्यामुळे. मॅन्युअलमध्ये बरोबर पद्धत असते, पोरं कुठे घसरतात ते नसतं. ते सेटरच्या डोक्यात असतं: ऑफसेटचं चिन्ह उलटं दिलं, दशांश चिन्ह सरकलं, टूल क्रमांक चुकला, बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) न काढता मोजलं, गेज झिरो केला नाही. अनुभवी सेटरसोबत दोन तास बसून अशा वीसेक चुका, त्यांची कारणं आणि परिणाम लिहून घेतले की शिक्षकाचं निम्मं काम झालं. मग धडे पाच-सात मिनिटांचे. तोच मुद्दा दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी वेगळ्या आकड्यांनी विचारायचा. आकडे तेच ठेवले तर ऑपरेटर उत्तर पाठ करतो आणि डॅशबोर्ड हिरवा दिसतो. शेवटची पास-नापास टॅबलेटवर ठरवू नये. पंधरा दिवसांनी, टॅबलेट बंद ठेवून, सुपरवायझरसमोर फर्स्ट पीस (पहिला नग) काढून दाखवायचा.

विक्रेता आला की पारख सोपी आहे. त्याच्या साधनाला म्हणा, ‘मला कळत नाही, उत्तर सांग.’ लगेच सांगितलं तर तो सहायक आहे, ब्रोशरवर काहीही छापलेलं असो. पुन्हा तेच म्हणा. खरा शिक्षक पायरी लहान करतो, इशारा देतो, तिसऱ्या वेळी सोडवून दाखवतो आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतो. कितीही मागितलं तरी उत्तर लपवून ठेवणारा शिक्षकही कुचकामी. त्याला ऑपरेटर दोन दिवसांत कंटाळतात.

कोणतं काम कुणाकडे, याला एकच कसोटी पुरते: काम करताना थांबून बघायला वेळ आहे का? क्वचित येणारे अलार्म, सुटे भाग, बोल्टचे टॉर्क, फॉर्म कसा भरायचा हे सहायकाकडे द्या. लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी मशीनची वीज तोडून कुलूप आणि पाटी लावणं), प्रेसवर हात कुठे असावेत, रसायन सांडल्यावरची पहिली हालचाल हे हातातच असायला हवं. तिथे शिक्षकही फक्त पूर्वतयारी करून घेईल, सराव माणसासमोरच. शिवाय शॉप फ्लोअरवर मोबाइलबंदी असेल तर सहायक लाइनच्या टोकाला असणार, म्हणजे घाईच्या वेळी नसल्यातच जमा. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसमधल्या हंगामी कामाला तर मापाची रिंग आणि टेबलावर चांगल्या-वाईट घडांचे फोटो या दोन्हींपेक्षा जास्त कामाचे.

मोजमापातही घोळ होतो. सहायकाला येणारे प्रश्न घटले तर लोक शिकले असतील किंवा त्यांचा विश्वास उडाला असेल. नुसत्या आकड्यावरून कळत नाही. एकाच ऑपरेटरने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तर मात्र तो शिक्षकाकडे पाठवायचा विषय आहे. ही नोंद वेतनवाढीच्या चर्चेत वापरली, की लोक टॅबलेट सोडून शेजाऱ्याला विचारू लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे बघतानाही नोंद कशासाठी ठेवली जाते, हे कामगाराला आधी साध्या मराठीत सांगितलेलं बरं. ऑडिटपुरतं बोलायचं तर आयएसओ ९००१:२०१५ चं कलम ७.२ कामगाराच्या क्षमतेचा पुरावा मागतं आणि त्यासाठी जे केलं त्याचा परिणाम तपासायला सांगतं. ‘आमच्या लोकांनी महिन्यात इतके प्रश्न विचारले’ हा तो पुरावा नव्हे. स्किल मॅट्रिक्समधला (कुणाला काय येतं त्या तक्त्यातला) चतकोर भरायचा तो मशीनवरच्या चाचणीनंतर.

राहता राहिलं रिव्हिजन. ड्रॉइंग बदललं की सहायकाची फाइल पाच मिनिटांत बदलते. शिक्षकाचे प्रश्न, इशारे आणि चुकांची यादी पुन्हा बघावी लागते, आणि ज्यांनी जुना आकडा पक्का केलाय त्यांचाच धोका आता जास्त असतो. त्यांना टॅबलेट आपणहून काही सांगणार नाही. बदलाच्या दिवशी तिन्ही शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझरने जुना आणि नवा आकडा बोर्डवर शेजारी-शेजारी लिहायचा, जुना खोडून दाखवायचा आणि जुन्या आकड्यावर शिकलेल्यांची चाचणी त्याच आठवड्यात परत घ्यायची.