मारण्याआधी एकदा नीट बघा

मिरगाचा पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. सकाळी खिडकीखाली नुसते पंख उरतात आणि घरात वाद सुरू होतो, ही वाळवी की मुंग्या? उत्तर किड्याच्या अंगावरच असतं. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ, कंबर नाहीच. मुंगीची कंबर बारीक, मिशा मध्येच मोडलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. दिव्यावर आलेली वाळवी बहुधा बाहेरची असते. पण दारंखिडक्या बंद असताना ती चौकटीतून किंवा भिंतीच्या फटीतून निघताना दिसली, तर घरातलं लाकूड तपासायला हवं.

अनोळखी किडा दिसला की आपण आधी रंग बघतो. त्याऐवजी पंख किती, कंबर आहे का, मिशा कशा आणि तो करतोय काय, हे बघावं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या ओलीत भिंतीवर भोपळ्याच्या बीएवढं, करड्या रंगाचं, चपटं काहीतरी सरकताना अनेकांनी पाहिलं असेल. गिलाव्याचा कपचा समजून झाडून टाकावं, तर ते चालू लागतं! ही एका छोट्या करड्या पतंगाची अळी. स्वतःच्या रेशमाची नळी विणून ती तिच्यावर वाळू, धूळ, मातीचे कण चिकटवते. नळी दोन्ही टोकांना उघडी असते, त्यामुळे अळी आतल्या आत वळून हव्या त्या टोकाने डोकं काढते. कोळ्याची जुनी जाळी, गळलेले केस, मेलेले किडे हे तिचं खाणं. ती चावत नाही. औषध फवारण्यापेक्षा कोपऱ्यांतली जळमटं काढावीत, तिचं अन्नच संपतं.

माझा सगळ्यात लाडका पाहुणा मात्र वेगळा आहे. जुन्या घरात न्हाणीजवळच्या खिडकीवर कधीकधी लांब पायांची काळी, छोटी माशी दिसते. तिचं पोट इवलंसं, चपटं, देठावर टांगलेलं, आणि ते सारखं वरखाली हलत असतं. लोक तिला गांधीलमाशीची जात म्हणून घाबरतात. नातं खरंच आहे, पण माणसाला तिच्यापासून काहीही धोका नाही. इव्हानिया ॲपेंडिगॅस्टर हे तिचं शास्त्रीय नाव, लिनियसने १७५८ मध्ये नोंदवलेलं. ती झुरळांची अंडी शोधत फिरते. झुरळ अंडी कवचाच्या कुपीत घालतं, अशा एका कुपीत साधारण १५ अंडी असतात. मादी त्या कुपीत आपलं अंडं घालते आणि तिची अळी आतली झुरळाची अंडी खाऊन वाढते. ही माशी घरात दिसली म्हणजे जवळपास झुरळं आहेत हे नक्की, आणि त्यांचा बंदोबस्त फुकटात चालू आहे हेही. तिला चपलेने मारू नका, ही माझी कळकळीची विनंती.

एका किड्याबाबत मात्र रंगच कामी येतो. भातशेतीजवळच्या गावांत रात्री दिव्यावर मुंगीसारखा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा भुंगेरा येतो. डोकं काळं, छाती नारिंगी, मध्ये निळसर आखूड पंखकवच, पोट पुन्हा नारिंगी आणि शेवटचं टोक काळं. हा पेडेरस. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण अंगावर चिरडला तर त्याच्या रक्तातलं पेडेरिन नावाचं विष त्वचेवर पसरतं आणि दिवस-दोन दिवसांनी लाल, जळजळणारा पट्टा उठतो, पाणी धरलेले फोड येतात. घरचे म्हणतात नागीण उठली. म्हणून अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा. चिरडलाच गेला तर ती जागा लगेच साबणाने धुवावी, आणि तो हात डोळ्याला लावू नये. शेतात हाच भुंगेरा भातावरचे तुडतुडे खातो, त्यामुळे त्याला शत्रू म्हणवत नाही.

ओळख पटत नसेल तर किडा पारदर्शक बाटलीत घेऊन दोन फोटो काढावेत, एक वरून, एक बाजूने, शेजारी नाणं ठेवून. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ते टाकले की जाणकार नाव सुचवतात. सोबत तारीख, गाव आणि घरातली जागा जरूर लिहावी. किडा तांदळाच्या डब्यात सापडला की न्हाणीच्या भिंतीवर, एवढं कळलं तरी बऱ्याच शक्यता तिथेच गळून पडतात.