दाणा टिपताना पक्षी नेमकं काय बघतो?

शिकाऱ्याचे डोळे समोर, भक्ष्याचे बाजूला. आणि दोन डोळ्यांनी पाहिलं की अंतर कळतं. शाळेत शिकलेला हा नियम पक्ष्यांना लावला की गडबड होते.

माणसाच्या दोन्ही डोळ्यांना एकत्र दिसणारा पट्टा सुमारे 120 अंशांचा असतो. बहुतेक पक्ष्यांत तो जेमतेम 20-30 अंश, आणि तोही चोचीच्या रेषेत. घुबडात तो 50 अंशांच्या आसपास जातो. घुबड दोन प्रतिमांमधल्या फरकावरून अंतर ओळखतं. गव्हाणी घुबडाच्या मेंदूतल्या त्यासाठीच्या पेशींचा शोध पेटिग्र्यू आणि कोनिशी या संशोधकांनी 1976मध्ये प्रसिद्ध केला. पण घुबडावरून कोंबडीचा अंदाज बांधू नये.

खरी गंमत पुढे आहे. डोकं दाण्याकडे झेपावतं तेव्हा दृष्टिपटलावरचं सगळं दृश्य एका बिंदूपासून बाहेर पसरत जातं. चोच जिथे पोहोचणार, तोच हा बिंदू. दाणा बरोबर तिथे असेल तर तो सरकत नाही, नुसता मोठा होत जातो. डावीकडे सरकू लागला, तर नेम उजवीकडे चुकलाय. आणि चोच पोहोचायला किती वेळ उरलाय? दाण्याचा दिसणारा कोन भागिले तो कोन वाढण्याचा वेग. दाणा 4 अंशांचा दिसतोय आणि सेकंदाला 40 अंशांच्या वेगाने वाढतोय, म्हणजे चोच उघडायला दशांश सेकंद उरला. दाणा किती लांब, खरा केवढा, काहीच माहीत असायची गरज नाही! कबूतर तर शेवटच्या टप्प्यात डोळे जवळपास मिटूनच घेतं.

हे गणित एका डोळ्यालाही जमतं. मग सामाईक पट्टा कशाला? डोळे बाजूला असल्यामुळे चोचीची दिशा प्रत्येक डोळ्याच्या क्षेत्राच्या कडेला येते. त्या बिंदूच्या दोन्ही अंगांचं पसरणं दिसायला उजव्या डोळ्याला चोच ओलांडून थोडं डावीकडे पाहावं लागतं, डाव्याला उजवीकडे. पट्टा त्यातून आपोआप तयार होतो. पक्ष्यांची दृष्टिक्षेत्रं वर्षानुवर्षं मोजणाऱ्या ग्रॅहॅम मार्टिन यांची ही मांडणी मला पटते.

वुडकॉक हा लांब चोचीचा पक्षी चिखलात चोच खुपसून स्पर्शाने किडे शोधतो. त्याला चोचीचं टोक दिसत नाही. उलट डोक्याभोवतीचं जवळपास सगळं दिसतं. बगळ्याचा पट्टा चोचीखाली इतका उतरतो, की मान न झुकवता पायांजवळचा मासा दिसतो. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा कावळा चोचीत काडी धरून किडे बाहेर काढतो, आणि काडीचं टोक नजरेत ठेवायला त्याचा पट्टा 60 अंशांच्या आसपास रुंद आहे.