तान्ह्या बाळाची रात्रीची झोप

जन्मापासून वर्षाच्या आतले मूल रात्री किती झोपते, किती वेळा उठते आणि ही घडी महिन्यामहिन्याने कशी बदलते, हा बालरोगशास्त्राचा आणि निद्राविज्ञानाचाही विषय आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवस-रात्र मिळून साधारण १४ ते १७ तास झोपते, तर चार ते अकरा महिन्यांच्या वयात १२ ते १५ तास. म्हणजे बाळाला झोप भरपूर मिळते. तरी घरातल्या मोठ्यांचे डोळे तारवटलेले असतात, कारण ही झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत येते आणि ते तुकडे चोवीस तासांत कुठेही पडतात. बाळाबाळांत फरकही मोठा. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संघटनेने २०१६ साली वयानुसार झोपेचे तास सुचवले, तेव्हा चार महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आकडा दिलाच नाही, कारण निरोगी बाळांमध्येच एवढी तफावत दिसते की एक ठरावीक आकडा सांगण्यात अर्थ नव्हता.

दिवस-रात्रीची ओळख

‘बाळाने दिवसाची रात्र केली आहे’ असे आपण म्हणतो खरे, पण पहिल्या काही आठवड्यांत बाळाला या दोन्हींतला फरकच ठाऊक नसतो. पोटात असताना त्याला आईचे घड्याळ मिळालेले असते. अंधार पडल्यावर आईच्या शरीरात तयार होणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, शिवाय आईची हालचाल आणि विश्रांती यांचाही ताल असतोच. नाळ कापली की तो ताल सुटतो. मेंदूत, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, शरीराचे घड्याळ चालवणाऱ्या पेशींचा पुंजका असतो. तो जन्मतः हजर असला तरी त्याचा शरीराच्या इतर यंत्रणांशी मेळ बसायला वेळ लागतो. बाळाचे स्वतःचे मेलाटोनिन रात्री वाढू आणि दिवसा उतरू लागते ते साधारण नवव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास. तोवर रात्रीच्या अंगावरच्या दुधातून आईचे मेलाटोनिन थोडेफार मिळत राहते. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते.

शिकागो विद्यापीठातील नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९ बाळांच्या झोपेच्या नोंदी तिसऱ्या आठवड्यापासून सव्विसाव्या आठवड्यापर्यंत ठेवल्या आणि १९५३ साली प्रसिद्ध केल्या. या काळात झोपेची एकूण बेरीज थोडीच घटली. बदलली ती जागा. झोप हळूहळू दिवसाकडून रात्रीकडे सरकत गेली. त्यांतल्या एका बाळाचा आलेख पुढे खूप वापरला गेला. काही आठवडे त्याची झोपेची वेळ रोज थोडी थोडी उशिरा सरकत होती, जणू त्याचा दिवस चोवीस तासांहून मोठा होता. मग चौथ्या महिन्याच्या आसपास ती आपोआप रात्रीशी जुळली. दिवसा भरपूर उजेड आणि घरातला नेहमीचा वावर, रात्री मंद दिवा आणि पाजताना-बदलताना शक्य तितके कमी बोलणे, एवढ्याने ही जुळवाजुळव सोपी होते. घाईने ती होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत तर वय मोजताना डॉक्टरांनी आधी दिलेली, पूर्ण दिवसांची अपेक्षित प्रसूतीची तारीख धरावी, नाहीतर नसलेली काळजी लागते.

झोपेच्या आत काय चालते

क्लाइटमन यांच्याच प्रयोगशाळेत युजीन ॲसरिन्स्की हा विद्यार्थी झोपलेल्या बाळांच्या पापण्यांची उघडझाप तपासायला बसला होता. त्याला वेगळेच दिसले. तासाभरातली साधारण वीस मिनिटे बाळांचे डोळे पापण्यांआड अगदी स्थिर राहत, एरवी हलत असत. तेच निरीक्षण पुढे मोठ्या माणसांवर झाले आणि १९५३ साली जलद नेत्रचलनाची झोप, म्हणजेच स्वप्नांशी जोडली जाणारी ‘रेम’ झोप, जगासमोर आली. एवढ्या मोठ्या शोधाचा धागा पाळण्यातून निघाला, हे फारसे सांगितले जात नाही.

बाळाच्या बाबतीत या झोपेला सक्रिय झोप म्हणतात आणि दुसरीला शांत झोप. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप सक्रिय असते. मोठ्या माणसात तिचे प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास असते. मोठ्यांचे एक झोपेचे चक्र साधारण ९० मिनिटांचे, बाळाचे ५० ते ६० मिनिटांचे. १९६६ साली हॉवर्ड रॉफवर्ग, जोसेफ मुझिओ आणि विल्यम डिमेंट यांनी असे मांडले की बाहेरून फारसे काही न मिळणाऱ्या कोवळ्या मेंदूला ही झोप आतून चालना देते आणि त्याच्या घडणीला हातभार लावते.

सक्रिय झोपेत बाळ कण्हते, हसते, तोंड वेडेवाकडे करते, ओठ चोखते, हातपाय झाडते, कधी क्षणभर डोळेही उघडते आणि एखादा रडका सूर काढते. बघणाऱ्याला वाटते, उठले! ते उठलेले नसते. अशा वेळी चटकन उचलून घेतले तर झोपलेले बाळ आपणच जागे करतो. मिनिटभर थांबून पाहिले तर पुष्कळदा ते पुन्हा शांत होते. माझ्या मते, नव्या आई-वडिलांना झोपेबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगावी.

मोठे माणूस आधी शांत झोपेत शिरते, नवजात बाळ मात्र थेट सक्रिय झोपेत. त्यामुळे कुशीत डोळे मिटलेले बाळ पाळण्यात ठेवताक्षणी टक्क जागे होते. पंधरा-वीस मिनिटांनी त्याची मूठ सैल पडते, हात उचलला तर लुळा खाली येतो, श्वास एका लयीत चालतो. तेव्हा ते शांत झोपेत गेलेले असते आणि खाली ठेवले तरी सहसा उठत नाही. श्वासाचेही असेच. नवजात बाळ भराभर श्वास घेते, मग पाच-दहा सेकंद थांबते, पुन्हा सुरू करते. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण हे नेहमीचे आहे. श्वास २० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, किंवा बाळ निळसर वा लुळे पडले, तर मात्र तातडीने डॉक्टर गाठायला हवा.

भूक

दुधाचा घोट लहान आणि पचायला हलका असल्याने नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. त्यातले काही वाटे रात्रीच्या पदरात पडणारच. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघते. तोवर बाळ चार तासांहून जास्त झोपले तर त्याला उठवून पाजायला सांगतात. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन आईच्या शरीरात रात्री जास्त असते, म्हणून रात्रीचे पाजणे फार लवकर तोडले तर दूधच कमी होऊ शकते. झोप लांबावी म्हणून बाटलीतल्या दुधात धान्याची पूड कालवू नये; त्याने ठसका लागण्याचा धोका असतो.

‘रात्रभर झोपते’ म्हणजे किती?

हा शब्दप्रयोग जितका सहज वापरला जातो तितका त्याचा अर्थ ठरलेला नाही. १९५७ साली लंडनमधील मूर आणि उको या संशोधकांनी बाळांच्या रात्रीच्या जागण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यरात्री १२ ते पहाटे ५ एवढा वेळ बाळ गप्प राहिले की ते ‘स्थिरावले’ असे धरले होते. या सैल मापानेही तीन महिन्यांपर्यंत ७० टक्के बाळे स्थिरावली, सहा महिन्यांपर्यंत आणखी १३ टक्के, आणि सुमारे १० टक्के बाळांनी पहिल्या वर्षात तो टप्पा गाठलाच नाही. शिवाय स्थिरावलेल्यांतली निम्मी बाळे पुढे पुन्हा उठू लागली. पाच तासांचे हे माप घराघरांत पोहोचेपर्यंत आठ-दहा तासांचे झाले आणि त्यावर आयांना जोखले जाऊ लागले. हे अन्यायाचे आहे.

कॅनडातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या ३८ टक्के बाळांना सलग सहा तास झोप लागत नव्हती, आणि ५७ टक्के बाळांना सलग आठ तास. वर्षाची झाल्यावरही हेच आकडे २८ आणि ४३ टक्के होते. रात्री उठणाऱ्या आणि न उठणाऱ्या बाळांच्या बौद्धिक किंवा शारीरिक विकासात फरक आढळला नाही. उठणाऱ्या बाळांत अंगावर पिणारी जास्त होती.

मुळात न उठणारे बाळ असतेच का? अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात रात्रभर कॅमेरा लावून बाळांचे चित्रण केले. ‘सलग झोपते’ असे ज्यांच्याबद्दल सांगितले गेले होते, ती बाळेही चक्र संपताना जागी होत होती. ती इकडे तिकडे पाहत, बोटे चोखत आणि आवाज न करता परत झोपत. फरक उठण्यात नव्हता, हाक मारण्यात होता.

चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेची रचना मोठ्यांसारखी होऊ लागते आणि बरी झोपणारी बाळेही पुन्हा उठू लागतात. आठव्या-नवव्या महिन्यात रांगणे, उभे राहणे आणि आई नजरेआड झाल्याची भीती, यांनी तेच होते.

उताणे झोपवणे

पोटावर झोपवलेले बाळ जास्त गाढ झोपते आणि सहजासहजी जागे होत नाही. जुन्या काळी पोटावर झोपवण्याचा सल्ला दिला जाई, त्याचा हा एक लोभ होता. पण धोका नेमका इथेच आहे. श्वासात अडथळा आला, अंगात फार उष्णता साचली, तर बाळाला जाग यायला हवी. झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक होतात आणि त्यांतले बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. बाळांना पाठीवर झोपवा, अशा मोहिमा ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाल्या आणि काही वर्षांतच दोन्हीकडे या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. उताण्या बाळाला उलटी झाली तर गुदमरेल, ही भीती रास्त वाटते. पण उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासमार्गात शिरायला उलट कठीण जाते.

अंथरूण कडक आणि सपाट असावे. उशी, मऊ गोधडी, खेळणी जवळ नसावीत. खोलीत कोणी धूम्रपान करू नये. कपड्यात गुंडाळून झोपवण्याची सवय असल्यास बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागताच ती बंद करावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना किमान पहिले सहा महिने बाळाने आई-वडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात झोपावे असे सांगते. एकाच अंथरुणात झोपण्याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना यांनी आई आणि अंगावर पिणारे बाळ जवळ झोपण्याची बाजू वर्षानुवर्षे मांडली. सोफा किंवा आरामखुर्चीबाबत मात्र दुमत नाही. तिथे बाळाला घेऊन डुलकी लागणे हे सर्वांत घातक. पाजताना झोप लागेल अशी शंका असेल तर उशा-पांघरुणे बाजूला सारलेल्या बिछान्यावर पाजणे त्यापेक्षा बरे.

झोपेची सवय लावणे

बाळ पेंगुळलेले पण जागे असताना खाली ठेवणे, रोज त्याच क्रमाने झोपवणे, हे सौम्य उपाय कुठल्याही वयात चालतात. रडणाऱ्या बाळाकडे ठरावीक आणि वाढत्या अंतराने जाण्याची, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांची पद्धत १९८० च्या दशकापासून गाजली आणि वादातही सापडली. ऑस्ट्रेलियात, बाळे सात-आठ महिन्यांची असताना अशा पद्धती शिकवलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा मुले सहा वर्षांची होईपर्यंत केला गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दीर्घकालीन अपाय दिसला नाही, तसाच टिकाऊ लाभही दिसला नाही. सहा महिन्यांच्या आत, भूक आणि सवय यांची सीमा स्पष्ट नसताना, या पद्धती वापरू नयेत असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बाळ पाजायलाही उठत नसेल, वजन धरत नसेल, झोपेत सतत घोरत असेल किंवा तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सियस वा त्याहून जास्त ताप असेल, तर थांबू नये. बाळ झोपलेले असतानाही आईचा डोळा लागत नसेल, तर ते प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. रात्रीच्या एका पाजण्याची जबाबदारी, काढून ठेवलेले दूध देऊन, घरातल्या दुसऱ्या कुणी घेतली तर आईला चार-पाच तासांची सलग झोप मिळू शकते.