शिवशिवणारा दात आणि ठणकणारी दाढ

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरात एकाच आठवड्यात दोघांना दातांचा त्रास सुरू झाला, आईला आणि धाकट्या भावाला. दोघांचीही सुरुवात ठाणे स्टेशनाजवळच्या रसवंतीत झाली. बर्फ घातलेला उसाचा रस प्यायल्यावर आईच्या खालच्या पुढच्या दातांतून सणक गेली आणि भावाच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेतून कळ आली. आई घाबरली. भाऊ म्हणाला, "गार लागलं, होईल बरं." घाबरायला हवं होतं ते भावाने.

आईचे दात शिवशिवत होते. दातावर बाहेरून इनॅमलचं कडक आवरण असतं. त्याखालच्या थरात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या आतल्या नसेच्या दिशेने जातात. वर्षानुवर्षं दात जोरात, आडवे घासले की हिरडी खाली सरकते, मुळाजवळचा भाग उघडा पडतो आणि या नळ्यांची तोंडं मोकळी होतात. मग थंड, गोड किंवा आंबट काही लागलं की नळ्यांतला द्रव हलतो आणि नसेला झटका बसतो. हा झटका लखकन येतो आणि थंड वस्तू तोंडातून गेली की काही सेकंदांत जातो. मागे काही उरत नाही. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात तेही याच्याच जवळचं. आंबटातल्या आम्लाने दाताचा पृष्ठभाग तेवढ्यापुरता मऊ होतो, म्हणून पन्हं किंवा लिंबू सरबत प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये. चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं.

अशा दातांसाठी मऊ ब्रश आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट बहुतेक वेळा पुरते. फक्त ती दोन ते चार आठवडे रोज वापरावी लागते, दोन दिवसांत फरक पडत नाही. तरी एकदा सवडीने दात दाखवून यावेत. आणि अनेक दातांऐवजी नेमका एकच दात शिवशिवत असेल तर सवड बघत बसू नये. तिथे कीड किंवा बारीक तडा असू शकतो.

भावाची गोष्ट वेगळी होती. रस पोटात गेल्यावरही त्याची दाढ पाच-दहा मिनिटं दुखत राहिली. सगळी मेख इथेच आहे. कळ किती जोरात आली यावरून फारसं कळत नाही, कारण नुसती शिवशिवही डोळ्यांत पाणी आणते. थंड वस्तू दूर झाल्यावर दुखणं किती वेळ रेंगाळलं, हे बघायचं. अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेलं तर आतली नस सुजायला लागली असं धरून चालावं.

पंधरा दिवसांनी त्याला गरम चहाही सोसेना. मग रात्री ठणका सुरू झाला, काही खाल्लं-प्यायलं नसताना. नस दाताच्या आत कडक भिंतींच्या खोलीत असते. हाताला सूज आली तर कातडी ताणली जाते, पण दातात सुजेला पसरायला जागाच नसते, म्हणून दाब वाढतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर दाढ ठणकते. दिवसा जेमतेम जाणवणारी दाढ रात्री झोपू देत नाही ती यामुळे. भाऊ दोन उशा घेऊन बसून झोपायचा. नेमकी कुठली दाढ, वरची की खालची, हेही त्याला सांगता येईना. नसेच्या दुखण्यात असं होतं.

घरात लवंगेचं तेल होतं. त्यातल्या युजेनॉलने जागा थोडा वेळ बधिर होते, बस तेवढंच. वेदनाशामक गोळी गिळायची असते. ती कुस्करून हिरडीवर ठेवली तर हिरडी भाजते. आणि केमिस्टकडून आपल्या मनाने अँटिबायोटिकचा कोर्स आणू नये, त्याने सुजलेली नस बरी होत नाही.

पाचव्या दिवशी ठणका एकदम थांबला. भाऊ खूश, आम्हीही निर्धास्त. आज वाटतं, या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक हीच. ठणकणारी दाढ उपचाराशिवाय अचानक शांत झाली, तर बहुधा आतली नस मेलेली असते. कीड आणि जंतू तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. आठवड्याने त्याला ती दाढ बाकीच्या दातांपेक्षा उंच वाटायला लागली, पोळीचा घास चावताना जीव जायचा, मग हिरडीवर फोड आला. वेळेत गेलो असतो तर कदाचित नुसत्या फिलिंगवर भागलं असतं. आता रूट कॅनल करा किंवा दाढ काढा, एवढेच दोन रस्ते उरले.

यापुढची पायरी मात्र जिवाशी खेळ आहे. गाल, डोळ्याखालचा भाग किंवा जबड्याखाली गळ्याकडे सूज, ताप, तोंड नीट न उघडणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यातलं काही दिसलं तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका. रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. सुजेवर बाहेरून शेक देऊ नका.

सर्दी भरलेली असताना वरच्या मागच्या सगळ्याच दाढा दुखत असतील आणि खाली वाकल्यावर दुखणं वाढत असेल, तर ते सायनसचं असू शकतं. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल, बरोबर छातीत दडपण किंवा घाम असेल, तर आधी हृदयाची तपासणी.

खर्चाच्या भीतीने लोक थांबतात, हे मला समजतं. रूट कॅनल आणि कॅप खाजगीत महाग पडते. पण ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने नेरुळला उतरलं की डी. वाय. पाटीलचं दंत महाविद्यालय आहे, बेलापूरला भारती विद्यापीठाचं, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खेपा जास्त होतात, पैसे कमी लागतात.

आम्ही आई आणि भावाला एकाच दिवशी नेलं. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारला आणि तो आईच्या दाताला लावला. ती दचकली. बोळा काढल्यावर डॉक्टर घड्याळाकडे बघत थांबले. तीन सेकंदांत आई म्हणाली, "गेलं." मग तोच गार बोळा भावाच्या दाढेवर ठेवला. तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "लावलं का?"