ताऱ्याला आलेली भरती

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटीची वेळ रोज बदलते, कारण भरतीचं पाणी चढल्याशिवाय बोट हलत नाही. गेल्या खेपेला आमच्यासोबत चेंदणी कोळीवाड्यात वाढलेले एक काका होते. मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक शोधत होतो, तोवर त्यांचा हिशेब झालाही. "आज एकादशी ना? अकराची पाऊणपट सव्वाआठ. इथे आत खाडीत जरा उशिरा." चंद्र एका तिथीत सूर्यापासून 12 अंश पुढे सरकतो, म्हणजे भरती 48 मिनिटं उशिरा. तोंडी हिशेबाला पाऊण तास पुरतो.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीचा फॉरवर्ड आला: शरीरात 70 टक्के पाणी, समुद्राला भरती येते तर माणसाला का नाही, म्हणून पौर्णिमेला मोठे निर्णय टाळा. अहो, मग गच्चीवरच्या टाकीत तर शंभर टक्के पाणी आहे. तिला भरती आलेली कुणी पाहिली आहे का?

भरती नुसत्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीची चंद्राकडची बाजू पलीकडच्या बाजूपेक्षा सुमारे पावणेतेरा हजार किलोमीटर जवळ आहे, म्हणून ती जास्त ओढली जाते आणि पृथ्वी किंचित लांबट होते. तुमच्या डोक्यापासून टाचेपर्यंत असा फरक पडायला जागाच नाही. शिवाय भरतीला पाणीच लागतं असंही नाही. पायाखालचा घट्ट खडकसुद्धा दिवसातून दोनदा साधारण वीतभर वर-खाली होतो. कुठलाही गोल किती ताणला जाईल हे त्याच्या पोटात काय आहे त्यावर ठरतं. पृथ्वीसाठी हे मोजणारा आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टस लव्ह या इंग्रज गणितज्ञाने मांडला. त्याला आजही लव्ह नंबर म्हणतात. प्रेमाशी संबंध नाही, आडनाव आहे.

हाच आकडा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरणाऱ्या घट्ट गाभ्यांच्या, कामी आला. सूर्याच्या जवळपास दीडपट वस्तुमान आणि व्यास साधारण ठाणे ते दादर लोकलच्या अंतराएवढा. चमचाभर द्रव्य शंभर कोटी टनांच्या वर भरेल. एवढ्या दाबाखाली न्यूट्रॉन तसेच राहतात की फुटून क्वार्कचा, म्हणजे न्यूट्रॉनच्या आतल्या कणांचा, लगदा होतो, हे पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत तपासता येत नाही. ताऱ्यात सुई खुपसता येत नाही. पण शेजारी तसाच दुसरा तारा असेल, तर तो याला भरती आणतो.

17 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी आणि इटलीतल्या व्हर्गोने अशा एका जोडीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे जड तारे एकमेकांभोवती फिरताना अवकाशातच उठणारे तरंग, लेझरच्या मदतीने टिपल्या. जोडी सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरची. संकेत जवळजवळ शंभर सेकंद ऐकू येत होता. सुरुवातीला दोन्ही ताऱ्यांत सुमारे 400 किलोमीटरचं अंतर होतं. लहरींतून ऊर्जा बाहेर जात राहते, म्हणून तारे जवळ सरकतात, फेऱ्या वेगाने होतात आणि लहरींची वारंवारता चढत जाते. इथपर्यंत तारे आत लोखंडाचे असोत की लगद्याचे, फरक पडत नाही. वारंवारता चढण्याच्या गतीवरून फक्त वस्तुमानांचा हिशेब लागतो.

खरी मजा शेवटी. भरती आणणारा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. 400 किलोमीटरचे 40 झाले की जोर हजारपट. आता तारे लांबट होऊ लागतात. ताऱ्याचा आकार बिघडवायला ऊर्जा लागते, ती फेऱ्यांच्या खात्यातूनच जाते, आणि लांबट झालेली जोडी लहरीही जास्त जोरात सोडते. दोन्हीकडून खर्च, त्यामुळे तारे ठरल्या वेळेपेक्षा थोडे आधी भिडतात. ढोलपथकात एक ताशा अगदी किंचित पळता असेल तर पहिल्या आवर्तनात कळत नाही, शेवटी मात्र हात चुकतो. लहरींतली ही चूक मोजली की भरती कळते.

आणि भरतीवरून त्रिज्या कळते, कारण वस्तुमान तेच धरलं तर ताऱ्याची लवचिकता लव्ह नंबर गुणिले त्रिज्येचा पाचवा घात अशी बदलते. 11 किलोमीटरऐवजी 13 किलोमीटर त्रिज्या असेल, तर फक्त या पाचव्या घातामुळेच लवचिकता सव्वादोनपटीच्या वर जाते. द्रव्य दाबाला कडक असेल तर तारा फुगलेला राहतो आणि जास्त ताणला जातो. मऊ असेल तर तो आवळून लहान होतो आणि कमी ताणला जातो. ऐकायला उलटं वाटतं, पण इथे आकार जिंकतो.

2017 च्या संकेतात भरती फार मोठी दिसली नाही, म्हणजे फार फुगलेले तारे बाद. पण सूर्याच्या दुपटीएवढे जड न्यूट्रॉन तारेही सापडले आहेत, आणि द्रव्य फार मऊ असतं तर ते स्वतःच्या वजनाने केव्हाच कृष्णविवर झाले असते. या दोन्ही बाजूंनी दाबून 2018 मध्ये त्रिज्येचं उत्तर आलं: 11.9 किलोमीटर, दीडेक किलोमीटर इकडे-तिकडे.

ही चूकभूल उरते कारण भरती सर्वांत मोठी असते त्या अखेरच्या फेऱ्यांच्या लहरी हजार हर्ट्झच्या (सेकंदाला हजार कंपनांच्या) पलीकडे जातात, आणि तिथे वेधशाळेतल्या लेझरच्या प्रकाशकणांच्या खळखळीतच संकेत बुडतो. टक्कर झाल्यावर जे काही गदगदत राहिलं असेल, त्याचा 2017 च्या नोंदींत मागमूस लागला नाही. लायगोसारखीच 4 किलोमीटर भुजांची एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. सुमारे 2600 कोटींच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली.