सौजन्य किताब (ब्रिटिश उमराव घराण्यांतील)

ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल (उमरावपदाच्या उतरत्या क्रमाने वरच्या तीन श्रेणी) हयात असताना त्याचा ज्येष्ठ पुत्र वडिलांचा एखादा दुय्यम किताब केवळ रूढीने लावतो, त्यास सौजन्य किताब म्हणतात. मुख्य किताबाच्याच नावाचा दुय्यम किताब घोटाळा टाळण्यासाठी सोडून देतात. वेलिंग्टनचा ड्यूक हा वेलिंग्टनचा मार्क्विसही असतो, तरी त्याचा वारस डूरोचा मार्क्विस म्हणवतो. कायद्याच्या दृष्टीने असा वारस सामान्य प्रजाजनच असतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही रूढी प्रचारात असल्याचे दिसते. नॉरफोकच्या तिसऱ्या ड्यूकचा मुलगा, कवी हेन्री हॉवर्ड, सरीचा अर्ल म्हणून ओळखला जाई. मात्र जानेवारी १५४७ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तो उमरावांसमोर नव्हे, तर लंडनच्या गिल्डहॉलमध्ये सामान्य ज्यूरीसमोर.

बोफर्टच्या ड्यूकांच्या (निर्मिती १६८२) सॉमरसेट घराण्यात किताबांबरोबर नावांचीही पुनरावृत्ती आढळते. आजवरच्या बारा ड्यूकांपैकी चौथा ड्यूक चार्ल्स व अकरावा ड्यूक डेव्हिड वगळता सर्वांचे पहिले नाव हेन्री असल्यामुळे आणि वूस्टरचा मार्क्विस हा किताबही एका वारसाकडून पुढच्या वारसाकडे जात असल्यामुळे, कागदावरील तारीख पाहिल्याखेरीज व्यक्ती निश्चित करता येत नाही. याच घराण्यात ड्यूकच्या वारसाचा वारस ग्लॅमॉर्गनचा अर्ल म्हणवतो, आणि या किताबाचे मूळ वादग्रस्त आहे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने तेथील यादवी युद्धाच्या काळात, बहुधा १६४४ मध्ये, याच घराण्यातील एडवर्ड सॉमरसेट यास तो दिल्याचे सांगतात. राजाने पत्रांत त्यास ‘ग्लॅमॉर्गन’ असे संबोधले आहे. परंतु सनदेवर राजमुद्रा उमटवण्याची रीतसर प्रक्रिया झाल्याचे दिसत नाही, आणि त्याच काळातील सनदेच्या आधारे सांगितलेला सॉमरसेटच्या ड्यूकपदाचा दावा तर एडवर्डनेच १६६० मध्ये सोडून दिला. इतिहासकार जे. एच. राउंड यांनी या कागदपत्रांविषयी तीव्र संशय व्यक्त केला, तर इतिहासकार सॅम्युएल गार्डिनर यांचा कल ती मूलतः खरी मानण्याकडे होता. राजाची पत्रे विचारात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सौजन्य किताबाचा आधार मुळातच रूढी हा असल्याने सनदेतील उणीव त्याच्या वापरास आड आलेली नाही.

कायद्याने सामान्य प्रजाजन असल्यामुळे सौजन्य किताबधारकास कॉमन्स या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक लढवता येत असे. भारतमंत्री (१८८०–८२) लॉर्ड हार्टिंग्टन हे डेव्हनशरच्या ड्यूकचे वारस होते व त्या काळात कॉमन्सचेच सदस्य होते. ड्यूक व मार्क्विस यांच्या धाकट्या पुत्रांच्या जन्मनावापूर्वी ‘लॉर्ड’ एवढेच लावतात. भारतमंत्री (१८८५–८६) लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल हे त्याचे परिचित उदाहरण होय.